नांवाची चिठ्ठी आणि फुलाची साक्ष
(नभोवाणीवरील भाषण)

चाळीसगांवच्या दक्षिणेस, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं पाटण हें ठिकाण आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या त्या लेखांत, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून मठ स्थापन केल्याची हकीकत आहे. तिच्या जोडीला त्या घराण्याची वंशावळहि कोरलेली आहे. त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत, महेश्वराचे भास्कर, भास्कराचे लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचे चांगदेव, अशी बापलेकांची सांखळी तो दगड आठशें वर्षें सांभाळून बसला आहे. तो दगड नसता, तर या पिढ्यांपैकीं कित्येकांचा एकमेकांशीं काय संबंध होता हें सांगण्यास आज फारसा आधार उरला नसता.

बागेंतील कुंडीला टोंचलेली नांवाची चिठ्ठी तेंच काम लहान प्रमाणांत करीत असते. गुलाबाच्या किंवा शेवंतीच्या कुंडीवरील चिठ्ठी हरवली, तर मालकाची थोडी गैरसोय होते, इतकेंच. परंतु संकरानें तयार केलेल्या ऑर्किडच्या कुंडीवरची चिठ्ठी ही त्या रोपाची वंशावळ असते. ती चुकली म्हणजे आईबाप चुकले, आणि त्या रोपापासून पुढें जी संतति निपजेल तिचाहि इतिहास चुकला. अशा चुकीच्या चिठ्ठ्या ओळखाव्या कशा, आणि फुलाच्या आकारावर त्या कामीं कितपत विसंबावें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

एक कल्पित उदाहरण घेतां येईल. चाळीसगांवच्या एखाद्या हौशी गृहस्थानें आसामकडील रोपवाटिकेंतून स्लिपर ऑर्किडचें रोप मागविलें. गांव आगगाडीच्या हमरस्त्यावरचें, धुळ्याचा फांटा तेथूनच फुटतो. त्यामुळें पार्सल येण्यास अडचण नाहीं. चिठ्ठीवर ‘पॅफिओपेडिलम इन्सिग्ने’ असें नांव आहे. खानदेशचा उन्हाळा या रोपास मानवणारा नव्हे. पारा चाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हां वाळ्याचा पडदा, ओली वाळू आणि उत्तरेकडील सावली यांच्या आश्रयानेंच तें जगवावें लागतें. पण हिंवाळ्यांतील थंड रात्री त्याला उपकारक ठरतात, कारण इन्सिग्नेच्या जातीला कळी धरण्यास थंड रात्रींची गरज असते. दोन वर्षांच्या खटपटीनंतर मार्गशीर्षांत एक फूल उमलतें. गृहस्थ पुस्तकांतलें चित्र काढून शेजारीं धरतात, आणि दोहोंचा मेळ बसत नाहीं. आतां चुकलें कोण? चित्र, चिठ्ठी, कीं रोप?

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं प्रथम फुलाची रचना समजून घेतली पाहिजे. बहुतेक ऑर्किडांत बाहेरचीं तीन संदलें आणि आंतल्या तीन पाकळ्या असतात. त्यांपैकीं एक पाकळी वेगळें रूप धारण करते, तिला ओष्ठ म्हणतात. स्लिपर ऑर्किडमध्यें हा ओष्ठ फुगून पिशवीसारखा, म्हणजेच चढावाच्या पुढच्या भागासारखा होतो. पॅफिओपेडिलम हें नांव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फित्सर यांनीं १८८६ त दिलें. त्याचा अर्थ पेफॉसच्या देवतेचा, म्हणजे ग्रीकांच्या प्रणयदेवतेचा जोडा. त्यापूर्वीं हीं सर्व रोपें सिप्रिपेडियम या वंशांत मोडत, आणि बागवानांच्या व्यवहारांत तें जुनें नांव पुढेंहि पुष्कळ वर्षें टिकलें. यास्तव जुन्या चिठ्ठीवर सिप्रिपेडियम दिसलें, तर ती लबाडी समजूं नये. तें केवळ जुनें नांव होय.

ओळखीच्या दृष्टीनें चार भाग महत्त्वाचे आहेत. पहिला, पाठीमागचें उभें संदल. तें पिशवीवर छत्रासारखें असतें, म्हणून त्याला छत्र म्हणणें सोयीचें. दुसरा, दोन बाजूंच्या पाकळ्या. तिसरा, पिशवी. चौथा आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे फुलाच्या मध्यभागीं, पिशवीच्या तोंडाशीं ढालीसारखा दिसणारा चपटा अवयव. मुळांत तो पुंकेसर आहे, पण त्यांत पराग तयार होत नाहीं; म्हणून त्याला वांझ पुंकेसर म्हणतात. रंग उन्हापाण्यानें फिका वा गडद होतो, फुलाचा विस्तार खताप्रमाणें कमी-अधिक होतो. पण या ढालीचा आकार, तिच्यावरील खांच, मधली गांठ आणि कडेचे केंस हीं जातीजातींत ठरलेलीं असतात. अनुभवी माणूस प्रथम या ढालीकडे पाहतो तें याचसाठीं.

या फुलांचा संकर करण्याची कल्पना इंग्लंडांत एक्झेटर येथें निघाली. तेथील शस्त्रवैद्य जॉन हॅरिस यांनीं ऑर्किडच्या फुलांत पराग कोठें असतो व तो कसा लावावा हें व्हीच यांच्या रोपवाटिकेंतील माळी जॉन डॉमिनी यांना समजावून दिलें. डॉमिनी यांचा पहिला ऑर्किडसंकर १८५६ त फुलला. तो कॅलँथी या वंशाचा होता. स्लिपर ऑर्किडचा पहिला संकर १८६९ त फुलला, आणि त्याला डॉक्टरांच्या सन्मानार्थ हॅरिसियानम हें नांव मिळालें. त्याचे जनक होते व्हिलोसम आणि बार्बेटम. पुढें हजारों संकर झाले. त्यांची नोंद सँडर यांच्या पेढीनें १९०६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या यादींत सुरू झाली, आणि १९६१ पासून तें काम लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आलें. नियम असा कीं, दोन ठराविक जातींच्या संकरापासून झालेल्या सर्व रोपांना एकच संकरनाम. मग आई कोणती व बाप कोणता हें उलटसुलट असलें तरी चालतें.

या यादीमुळें नांवें बांधलीं गेलीं, पण चिठ्ठ्या बांधल्या गेल्या नाहींत. चुका होण्याचे मार्ग अनेक आहेत. डॉमिनींच्या काळीं ऑर्किडचें बीं, जें धुळीच्या कणांइतकें बारीक असतें, तें बहुधा आईच्याच कुंडींत पेरीत. एखादा कण उडून शेजारच्या कुंडींत रुजला, कीं तेथील चिठ्ठी त्या परक्या रोपाची होई. १९२२ मध्यें अमेरिकेंत लुईस नुडसन यांनीं निर्जंतुक कांचपात्रांत बीं रुजविण्याची पद्धति दाखविली, तेव्हांपासून हा धोका कमी झाला. पण एकाच फळींवर शेंकडों बाटल्या आल्या, आणि एका बाटलीवरचा कागद दुसरीवर लागण्याचा धोका वाढला. याखेरीज दर दोन-तीन वर्षांनीं कुंडी बदलतांना व रोपाचे फाटे करतांना चिठ्ठ्या अदलाबदल होतात, शाई पाण्यानें धुऊन जाते, आणि अर्धवट उरलेलें अक्षर दुसरा माणूस आपल्या समजुतीप्रमाणें पुरें करतो. शेवटचा मार्ग जाणूनबुजून केलेला: ज्या नांवाला गिऱ्हाईक आहे तें नांव लावावयाचें. बियापासून फूल येण्यास या वंशांत चारपांच वर्षें सहज जातात. त्यामुळें चूक उघड होईपर्यंत चूक करणारा कोठेंच नसतो.

आतां जनकांच्या खुणा पाहूं गेल्यास, कांहीं जाती या संकरांच्या घराण्यांत वारंवार येतात. खासी टेकड्यांकडील इन्सिग्ने १८२१ त वर्णिली गेली. तिचें छत्र हिरवट असून शेंड्याशीं पांढरें, आणि त्यावर तपकिरी ठिपक्यांची पेरणी. पाकळ्या मध-पिंवळ्या, रोगण दिल्यासारख्या तकतकीत. ढाल पिंवळी, तिच्या मध्यावर उंच गांठ. आसामकडील स्पायसेरियानमचें छत्र याहून अगदीं निराळें. तें शुभ्र असून बुडाशीं हिरवें, दोन्ही कडा मागें गुंडाळलेल्या, मधून एकच जांभळी रेघ, आणि सबंध छत्र पुढें वांकून पिशवीवर झुकलेलें. ढाल जांभळी, पांढऱ्या किनारीची. ब्रह्मदेशाकडील व बार्मेर नव्हे तर मिझोरामच्या डोंगरांतहि आढळणाऱ्या व्हिलोसमच्या पाकळीचे लांबीनें दोन भाग पडतात: वरचा अर्धा गडद, खालचा फिका. बार्बेटमच्या पाकळीच्या वरच्या कांठावर काळे, केंसाळ चामखीळ असतात, आणि तिचीं पानें नक्षीदार असतात. सिल्हेटकडील व्हेनुस्टमच्या पिशवीवर हिरव्या शिरांचें जाळें पसरलेलें असतें. तें एकदां पाहिलेला माणूस विसरत नाहीं. दक्षिण भारतांत फक्त एक जात आहे, त्रावणकोरच्या अगस्त्यमलय डोंगरांतील ड्रूरी. तिचें फूल पिंवळें, आणि छत्रावर व पाकळ्यांवर रुंद काळसर पट्टा.

या सर्वांत फेअरियानमची कथा मोठी विलक्षण. १८५७ त ती इंग्लंडांत फुलली. पुढें बागांतून ती जवळजवळ नाहींशी झाली आणि तिचें मूळ ठिकाण कोणास सांगतां येईना. सँडर यांनीं तिच्या शोधासाठीं एक हजार पौंडांचें बक्षीस लावलें होतें. शेवटीं १९०५ च्या सुमारास ती भूतानच्या बाजूनें पुन्हां हातीं आली. तिच्या पाकळ्या खालीं उतरून टोंकाशीं वर वळतात, म्हशीच्या शिंगांसारख्या; छत्राची कड झालरीसारखी, आणि त्यावर जांभळ्या शिरांची जाळी. तिचें रक्त ज्या संकरांत आहे, त्यांच्या पाकळ्यांची टोंकें बहुधा या वळणाची ग्वाही देतात.

संकरांत या खुणा मिसळतात. कांहीं अर्ध्या उतरतात, कांहीं ठसठशीत राहतात. आतां त्या चाळीसगांवच्या कुंडीकडे वळतां येईल. फुलाच्या पाकळ्या इन्सिग्नेसारख्या तकतकीत आहेत. पण छत्र जवळजवळ पांढरें आहे, बुडाशीं हिरवें आहे, मधून जांभळी रेघ गेली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंस बारीक ठिपके आहेत. ढाल ना निव्वळ पिंवळी, ना निव्वळ जांभळी. शुद्ध इन्सिग्नेंत ही रेघ आणि हा शुभ्रपणा एकत्र यावयाचे नाहींत. पानें साधीं हिरवीं आहेत, म्हणजे बार्बेटम किंवा व्हेनुस्टम यांचा संबंध दिसत नाहीं. इन्सिग्ने आणि स्पायसेरियानम यांच्या संकराला लीएनम म्हणतात. तो १८८४ पासून माहीत आहे, जोमदार असल्यामुळें पुष्कळ पसरला, आणि इन्सिग्नेच्या नांवानें पुष्कळदां विकला गेला. तेव्हां गृहस्थांच्या घरचें फूल लीएनमच्या वर्णनाशीं जुळतें.

जुळतें, एवढेंच, तें लीएनमच आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. हा या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा भेद आहे. लीएनमचा पुन्हां इन्सिग्नेशीं संकर केला, तर होणाऱ्या रोपांपैकीं एखादें हुबेहूब असेंच फुलेल. पण त्याचें नांव वेगळें असेल. विसाव्या शतकांतील जे मोठे, वाटोळ्या चेहऱ्याचे संकर आहेत, त्यांच्या वंशांत इन्सिग्ने, व्हिलोसम, स्पायसेरियानम या जाती अनेक पिढ्या पुन्हां पुन्हां आल्या आहेत. तेथें फुलावरून पणजोबांचा तर्क करतां येईल, पण बापाचें नांव सांगतां येणार नाहीं. न्यायालयांतील भाषेंत बोलावयाचें, तर फुलाची साक्ष खोटा दावा फेटाळण्यास पुरेशी असते, खरा दावा सिद्ध करण्यास पुरेशी नसते. चिठ्ठीवर लीएनम आहे आणि पानें नक्षीदार आहेत, तर चिठ्ठी खोटी. चिठ्ठीवर फेअरियानमचा संकर लिहिला आहे आणि पाकळ्या सरळ, कांठ सपाट, जाळीचा मागमूस नाहीं, तर चिठ्ठीवर दाट संशय घ्यावा. पण चिठ्ठीच नसेल, तर केवळ साम्यावरून नवी चिठ्ठी लिहिणें म्हणजे अज्ञानाला प्रमाणपत्र देणें होय.

परीक्षेची रीत सोपी आहे, पण तिला सबुरी लागते. पहिल्या फुलावर निकाल देऊं नये. लहान रोपाचें पहिलें फूल पुष्कळदां वेडेंवांकडें येतें. फूल उमलून आठदहा दिवस झाले म्हणजे त्याचा आकार स्थिर होतो, तेव्हां पाहावें. छत्राची रुंदी, पाकळीची लांबी आणि देंठाची उंची मोजून लिहून ठेवावी. पान वरून पाहावें आणि उलटूनहि पाहावें, कारण कांहीं जातींत जांभळे ठिपके पानाच्या बुडाशीं खालच्या बाजूस असतात. ढाल भिंगाखालीं पाहावी. फूल सुकण्यापूर्वीं एखादें मद्यार्कांत घालून ठेवलें, तर पुढें जाणत्या माणसास दाखवितां येतें.

छायाचित्र घ्यावें, पण केवळ त्यावर विसंबूं नये. चाळीसगांवास हें वेगळें सांगण्याचें कारण नाहीं. केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनीं याच गांवांत राहून टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून अशीं दृश्यें उभीं केलीं कीं, पाहणाऱ्यास तीं खऱ्याखुऱ्या निसर्गाचीं वाटावीं. त्यांच्या कलेचा तो गौरव होता. परंतु पुराव्याच्या कामीं कॅमेऱ्याची हीच शक्ति अडचणीची ठरते. समोरून घेतलेल्या चित्रांत स्पायसेरियानमच्या छत्राचा पुढें आलेला बांक दिसतच नाहीं. म्हणून एक चित्र समोरून, एक बाजूनें, आणि दोहोंत मोजपट्टी ठेवलेली असावी.

येथें कोणी विचारील कीं, शोभेच्या फुलाच्या नांवाबद्दल इतका आग्रह कशासाठीं? त्याचें पहिलें उत्तर रानाकडे बोट दाखवितें. रानांतील स्लिपर ऑर्किड उपटून विकल्यामुळें कित्येक जाती विरळ झाल्या. १९९० पासून या सबंध वंशाच्या रानटी रोपांचा व्यापारी आंतरराष्ट्रीय व्यवहार सायटीस कराराखालीं बंद आहे. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ च्या दुरुस्तीनें संरक्षित वनस्पतींची यादी घालण्यांत आली, तींत स्लिपर ऑर्किडांचा समावेश झाला. अशा वेळीं रानांतून चोरलेल्या रोपावर एखाद्या संकराचें निरुपद्रवी नांव चिकटविणें हा चोरी झांकण्याचा सोपा मार्ग असतो. जो गृहस्थ फुलाची ढाल ओळखतो, त्याच्या घरीं असें रोप खपत नाहीं.

दुसरें उत्तर घरच्या अंगणांतच आहे. खानदेशांतील व सातपुड्यांतील आंब्यामोहाच्या झाडांवर वाढणारें एक ऑर्किड शास्त्रांत व्हँडा टेसेलाटा या नांवानें ओळखलें जातें. सर विल्यम जोन्स यांच्या लेखांतून १७९५ त शास्त्रांत आलेलें व्हँडा हें नांव संस्कृत वंदा या शब्दापासून घेतलें आहे. पण संस्कृतांत वंदा म्हणजे बांडगूळ. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. हें ऑर्किड झाडावर केवळ आसरा घेतें, त्याचा रस घेत नाहीं. म्हणजे परोपजीवीपणाचा ठपका नांवानेंच त्याच्या माथीं मारला. याच रोपाला कांहीं प्रांतांत औषधी रास्ना समजतात. उत्तरेंत रास्ना म्हणजे प्लूकिया नांवाचें झुडूप, तर दक्षिणेंत कुलिंजनाच्या वर्गांतील कंद. एकाच नांवाखालीं तीन वनस्पति! शोभेच्या कुंडींत अशा घोटाळ्याचें मोल पैशांत होतें. औषधाच्या पुडींत तें रोग्याच्या प्रकृतींत होतें.

म्हणूनच मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांनीं नांवापेक्षां फुलावर अधिक भर दिला. थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ पासून प्रसिद्ध होऊं लागला. पुढें फादर ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनीं इलाख्यांतील ऑर्किडांची फेरतपासणी केली, आणि १९६६ मध्यें फादर सांतापाव व कापडिया यांचें मुंबई भागांतील ऑर्किडांवरील पुस्तक निघालें. या मंडळींची रीत एकच होती: फूल उघडून त्याचा एकेक अवयव पाहावयाचा, जुन्या नमुन्याशीं ताडावयाचा, आणि मगच नांव लिहावयाचें.

घरगुती बागवानाला तितका व्याप शक्य नाहीं; पण त्या रीतीचा गाभा त्याला सहज उचलतां येईल. जुनी चिठ्ठी खोटी ठरली तरी ती फेंकूं नये. तिच्यावर ‘या नांवानें आलें’ असें लिहून ती तशीच ठेवावी. शेजारीं दुसरी चिठ्ठी लावावी: रोप कोठून व कोणत्या वर्षीं आलें, फूल केव्हां आलें, कोणत्या खुणा दिसल्या. आणि नांवाच्या जागीं, ‘अनिश्चित, लीएनमसारखें’ असे शब्द असावे. अशा रोपापासून पुढें संकर करूं नये, केल्यास त्याची नोंद करूं नये.

पाटणचा लेख कोरणाऱ्यानें जी नांवें त्याला ठाऊक होतीं तींच कोरलीं. म्हणून आज त्या दगडावर विश्वास ठेवतां येतो. कुंडींतील चिठ्ठी पावसानें पुसली जाईल, फूल महिन्या-दोन महिन्यांत गळेल. तरीहि त्या चिठ्ठीवर ठाऊक असेल तेवढेंच लिहिणाऱ्या माणसानें पुढील पिढीच्या हातीं एक विश्वासाची वस्तु दिली, असें म्हणतां येईल.